मांडी घालून

डॉक्टरांनी ते वाक्य पेनाला टोपण लावता लावता म्हटलं. महत्त्वाचं सगळं तोवर सांगून झालं होतं. गुडघ्यातली गादी झिजून हाडाला हाड घासतंय, सांधा काढून धातूचा बसवायचा, दुखणं जाईल, दिवाळीपर्यंत अप्पा एकटे बाजार करून येतील, वगैरे. मग निघणाऱ्या पाहुण्याला पायरी सांभाळा म्हणतात तसं ते म्हणाले, "और हां काका, अब नीचे बैठना भूल जाओ. पालथी मारके तो बिलकुल नहीं." मंजुश्रीनं विचारलं, "मग पूजा?" डॉक्टर तरुण होते, बिदरचेच, हसरे. "कुर्सी पे करो ना. भगवान कुछ बोलता क्या?" ते हसले, मंजुश्री हसली आणि शिवशंकरअप्पाही हसले, कारण डॉक्टरांपुढं माणूस डॉक्टरांना हवं तेव्हा हसतो. नौबादला, लेकीच्या घरी जाणाऱ्या रिक्षात चढेपर्यंत ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं होतं. रिक्षानं वळण घेतलं, दुखरा पाय पुढच्या दांडीला लागला, आणि तेव्हा कुठं ते वाक्य त्यांच्या आत पोचलं. मांडी नाही. इथून पुढं कधीच नाही. म्हणजे तेव्हाही नाही. त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती फोनवर नवऱ्याला सांगत होती, "व्हय, लई चांगले हायेत डॉक्टर. श्रावण सरला की करू म्हणायलेत."

'तेव्हा' म्हणजे केव्हा, हे लेकीला सांगायची सोय नव्हती. अप्पांच्या लिंगायत घरात माणूस जाळत नाहीत आणि आडवा निजवून पुरतही नाहीत. बसवतात. जीव गेला की अंग ऊन आहे तोवर पायांची मांडी घालून भिंतीला टेकवतात, कपाळाला विभूती लावतात आणि डाव्या तळहातावर त्याचंच लिंग ठेवतात, जे लहानपणी दीक्षेच्या दिवशी मिळालं आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीत जन्मभर छातीशी राहिलं. मग तसंच बसलेलं माणूस मळ्यात नेतात आणि खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात बसवतात. रोज सकाळी पूजेला जसं बसायचं, तसंच शेवटचं बसायचं. अप्पांना हे इतकं ठाऊक होतं की त्यावर कधी विचार करायची वेळच आली नव्हती. जेवायला ताट येणार हे ठाऊक असतं तसं. आता रिक्षात आपला ताठ, सुजलेला पाय दोन्ही हातांनी धरून बसताना त्यांना थोरले चुलते आठवले. लकव्यानं त्यांचे पाय दांडक्यासारखे झाले होते. ते गेले तेव्हा चौघा पुरुषांनी त्यांना धरून मांडी घातली. दार लोटलेलं होतं, अप्पा बाहेर ओट्यावर होते, विशीतले. आतून एक आवाज आला. वाळलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. त्यानंतर आत विधी करणारा जंगम एकदम मोठ्यानं मंत्र म्हणू लागला, आणि बाहेरची सगळी माणसं आपापल्या पायांकडं बघत बसली. तो आवाज अप्पा विसरले होते असं त्यांना वाटत होतं. तो कुठं गेला नव्हता. गुडघ्यातच जाऊन राहिला होता.

शिवगंगा मात्र किती सहज बसली. गेल्या पौषात, सकाळची अंघोळ करून केस पुसत होती, छातीत कळ आली म्हणाली आणि अप्पांनी दुकानातल्या माणसाला हाक मारेपर्यंत सगळं आटोपलं. बायकांनी तिला उचलून बसवलं आणि तिचे पाय आपले आपण दुमडले. झोप आलेलं लेकरू आईच्या कडेवर बसतं तशी ती बसली. जंगम म्हणाला, "अक्काचं रोजचं आसन हाय हे. आपल्याला काय करायचंच न्हाई." त्याला हे बोलून अप्पांचं सांत्वन करायचं होतं, आणि खरंच, त्या दिवसात तेवढ्या एका वाक्याचाच अप्पांना आधार वाटला. तिचं लिंग तिच्या तळहातावर त्यांनीच ठेवलं. हात अजून ओला होता. औरादच्या मळ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला, ती बसली आहे. अप्पांना ती गेली असं कधी वाटलंच नाही. बसली आहे असं वाटतं. थंडी पडली की वाटतं, हिच्या अंगावर शाल टाकायला हवी होती. ऊन तापलं की वाटतं, खाली गार असेल, बरं आहे. तिच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडलेली आहे. तशी सोडा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. खणणाऱ्यांनीच एका अंगाला सरकून खणलं. गावातल्या माणसांना असलं कळतं. त्या जागेवर गवत उगवतं, अप्पा ते उपटतात, आणि उपटताना दर वेळी त्यांच्या मनात येतं की थांब, आलो. आता त्यांना कळत नव्हतं की तिथं जाऊन ते बसणार कसे. ती तशी नीट बसलेली, आणि शेजारी हे, एक पाय लांब सोडून, बस थांब्यावरच्या माणसासारखे.

औरादच्या घरात पूर्वेच्या खोलीत दोघं रोज सकाळी बसत. भिंतीकडं पाठ, दोन लोकरी आसनं, खिडकी डाव्या हाताला. खिडकीकडं शिवगंगा, इकडं अप्पा. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, धुवायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि मग हात नाकासमोर उचलून त्या काळ्या गुळगुळीत पाठीवर जो उजेडाचा ठिपका पडतो त्याच्याकडं पापणी न लवता पाहत राहायचं. पाहता पाहता पाहणारा उरत नाही, असं शिवगंगेच्या माहेरच्या स्वामींनी तिला सांगितलं होतं. ती त्यात उतरायची. तिचा श्वास इतका बारीक व्हायचा की शेजारी बसून ऐकू येऊ नये. अप्पांचं काही उतरायचं नाही. पाठीला मुंग्या, नाकावर माशी, बाहेर आडतीवर गाडी लागल्याचा आवाज. पूजा झाली की ती आसन झटकताना त्यांच्याकडं न बघता म्हणायची, "झाली का दुकानदारी?" ते डबीचं झाकण लावत. एकदा तिनं हसून सगळा हिशेबच मांडला होता, "तुमचं अंग इथं हाय, मन दुकानात, आन् जीव बिचारा दोघांच्या मधी हेलपाटे घालायलाय. एकदा तरी तिघं मिळून बसा की हो." अप्पा म्हणाले होते, "बसू की. घाई काय हाय?" त्यांना तेव्हा वाटलं होतं की हे म्हातारपणाचं काम आहे. दुकान पोराच्या, नाहीतर जावयाच्या हवाली करायचं, तूर-उडदाच्या पोत्यांतून मोकळं व्हायचं, मग दोघं बसू, तिघं मिळून, चौघं मिळून, वाटेल तेवढे मिळून. म्हातारपण आलं आणि बसणारी निघून गेली. आणि आता गुडघाही.

नौबादच्या बागेत सकाळी संघपाल योगाचा वर्ग घ्यायचा. तोही औरादचा, अप्पांचा शाळेतला जोडीदार, चित्रकलेचा मास्तर म्हणून बिदरात निवृत्त झालेला. बौद्ध घरातला, त्याचे वडील तात्याराव विहारात बसून श्वास बघायचे आणि पोरालाही बसवायचे, तिथून त्याला ही सवय लागली होती. पुढं त्यानं आसनं, प्राणायाम सगळं रीतसर शिकून घेतलं. लेकीकडं आल्यापासून अप्पा त्याच्या वर्गाला जाऊन बाकावर बसत. समोर चटयांवर बँकेतली माणसं, बायका, एक फौजदार, सगळी वाकत आणि उठत. संघपाल कानडीत सांगायचा, मधेच उर्दूत, अप्पांसाठी मराठीत. डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या सकाळी वर्ग सुटल्यावर अप्पांनी त्याला विचारलं, "संघपाल, हा गुडघा वाकंल का रे? आपरेशन न करता?"

"कामून? चालायला यायलंय की थोडं थोडं."

"चालायला न्हाई. बसायला."

संघपालनं गुडघा दोन्ही हातांत घेऊन हलकेच वाकवून पाहिला. अप्पांनी दात आवळले. तो म्हणाला, "न्हाई वाकायचा. जोर केलास तर आहे तेवढाबी जाईल. आपरेशन करून घे गप." मग तो बाकावर शेजारी टेकला. "बसायचंच कशाला पायजे? आसन म्हणजे पायाची घडी न्हाई शिवशंकर. जिथं अंग कुरकुर करत न्हाई, मन तिथून उठून पळत न्हाई, ते आसन. खुर्चीत होतंय. बाकड्यावर होतंय."

"तुला काय सांगू," अप्पा म्हणाले. "तुमच्यात आत्माच न्हाई म्हणतेत."

"न्हाईच. पण गुडघा हाय."

दोघं हसले. संघपालला पुढचं समजलं होतं का कोण जाणे, कारण औरादला राहिलेल्या माणसाला कोणाची माती कशी होते हे सांगावं लागत नाही. तो म्हणाला, "एक कर. डोळे मिट, श्वासावर बस. मन पळालं तर त्याला हाक मारू नको, ओढून आणू नको. फक्त बघ, कुठं गेलंय. बास." अप्पा म्हणाले, "मला ठाव हाय कुठं जातंय. दुकानात." संघपाल म्हणाला, "मग दुकानात गेलेलं बघ."

अप्पांनी ते केलं नाही. त्यांनी वेगळंच केलं. लेक शाळेवर शिकवायला आणि जावई कचेरीत गेला की दुपारी खोलीचं दार लोटून ते शिवगंगेचं लोकरी आसन अंथरत. औरादहून येताना कपड्यांच्या घड्यांखाली त्यांनी ते आणलं होतं. मग पलंगाला धरून खाली उतरायचं, हेच मोठं काम, आणि पंच्याचा फास घोट्यात अडकवून पाय हळूहळू आपल्याकडं ओढायचा. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं म्हातारा बैलाला वेसण घालायला बसलाय. डावा पाय यायचा. उजवा निम्म्यात अडायचा आणि कपाळावर घाम यायचा. ही साधना कशाची चालली आहे, हे अप्पांना पुरतं ठाऊक होतं. लोक देवापुढं बसायला आसन जमवतात. हे मातीत बसायची तालीम करत होते. त्यात काही चूक आहे असं त्यांना वाटलं नाही. तारुण्यात अंग दुकानाला दिलं, मधल्या वयात लेकरांना, आता त्यानं एवढं एक करून द्यावं. शेवटच्या बैठकीत तरी ते लाकडासारखं मोडून न घेता आपल्या पायांनी बसावं, आणि बायकोनं, तिथं असेल त्या रूपात, म्हणावं की आले बाई, नीट बसले. रोज थोडं जास्त ओढायचे. एक दिवस उजवा घोटा डाव्या पोटरीवर येऊन पडला. मांडी झाली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं दुखण्याचं आणि बरंचसं आनंदाचं. त्यांनी डबीतून लिंग काढलं, तळहातावर घेतलं, हात उचलला, आणि गुडघ्यात काहीतरी सरकून जागच्या जागी अडकलं. पाय पुढंही जाईना, मागंही येईना. लिंग मुठीत धरून ते तसेच बसून राहिले. दारावर थाप पडेपर्यंत.

मंजुश्रीनं शेजारच्या लिंगम्माला बोलावून दोघींनी मिळून त्यांचा पाय सोडवला. लिंगम्मा कानडीत हळहळत घरी गेली. मंजुश्री खाली बसून सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरू लागली. तिनं आईचं आसन पाहिलं, पंच्याचा फास पाहिला. ती हुशार पोरगी, लहानपणापासून. दोन आणि दोन सांगावे लागत नाहीत.

"हे कशासाठी करायलाव, अप्पा?"

अप्पा पंच्याची गाठ सोडू लागले.

"मातीसाठी?" तिचा आवाज चढला नाही, बारीक झाला. "आई गेली त्याला साल न्हाई झालं. तुम्ही चालावं, माझ्या दारात उन्हाला बसावं, पोरांना शाळेतून आणावं, म्हणून मी दवाखाने धुंडाळायलेय. आन् तुम्ही बसायची तालीम करायलाव. तुम्हाला इथं ऱ्हायचंच न्हाई का?" अप्पांना सांगावंसं वाटलं की तसं नाही पोरी. पण तसंच होतं. त्यांना इथं राहायचं नव्हतं, किंवा राहायचं होतं पण एकट्यानं नाही, आणि लेकीच्या भरल्या घरात एकटं वाटणं हा तिचा अपमान होता म्हणून ते बोलता येत नव्हतं. लेक रडत होती आणि बर्फाचं पाणी तिच्या मनगटावरून खाली आसनावर टपकत होतं. अप्पांनी आसन ओढून बाजूला घेतलं. एवढंच त्यांना सुचलं. मग ते म्हणाले, "आपरेशन करू. तू म्हणशील तवा. पण आधी एकदा मळ्यात जाऊन यायचंय मला."

सूज उतरल्यावर संघपालनं त्याच्या गाडीतून नेलं. औरादपर्यंत तो पिकांबद्दल बोलत होता, सोयाबीन बरी आहे, उडीद पिवळा पडलाय, आणि अप्पा हूं हूं करत होते. मळ्याच्या वाटेला गाडी थांबवून तो म्हणाला, "मी विहिरीपाशी ऱ्हातो. हाक मार." अप्पा काठीवर भार टाकत वर गेले. समाधीवर लावलेला बेल वीतभर वाढला होता. त्यांनी दगडावरची धूळ पंच्यानं पुसली, विभूती लावली, आणि मग उजवीकडच्या मोकळ्या जागेवर, त्यांच्या स्वतःच्या जागेवर, आसन टाकून बांधाला पाठ लावून बसले. दोन्ही पाय लांब सोडून. शाळेत मास्तर रागावतील असे. गुडघ्यानं एकदा कुरकुर केली आणि तो गप्प झाला. अप्पांना थोडी लाज वाटली, मग तीही गेली. वारा नव्हता. खालच्या शेतात कोणीतरी तेलुगूत बैलाशी बोलत होतं. त्यांनी लिंग काढून तळहातावर घेतलं, बेलाचं पान वाहिलं, हात समोर धरला, आणि काळ्या पाठीवर उजेडाचा ठिपका पडला.

श्वास आत गेला, बाहेर आला. मन पळालं. अप्पांनी त्याला हाक मारली नाही. जा, ते म्हणाले, जा दुकानात, आज मी नुसतं बघतो. आणि मन दुकानात गेलं नाही. ते काही दुकानाच्या वाटेलाच लागलं नाही. ते डावीकडं वळलं, फक्त एवढंच, खिडकीकडं, आणि तिथं येऊन थांबलं जिथं ते इतकी वर्षं रोज येऊन थांबत होतं. ओल्या केसांची एक बट कानामागं. कानाच्या पाळीवर खिडकीतला उजेड, इतका की पाळी लाल दिसायची. अंगठ्याला लागलेली विभूती. मानेवरचा तीळ. श्वासाबरोबर किंचित हलणारं पदराचं टोक. अप्पा ठिपक्याकडं तोंड करून, मान न हलवता, नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते सगळं बघायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळपासून. त्या घरात दिवसभर बायकोकडं बघायला फुरसत नव्हती आणि रिवाजही नव्हता; सासूसासरे, गडी, गिऱ्हाईक. ती एक वेळ अशी होती की ती हलत नसे, बोलत नसे, काम करत नसे, आणि शेजारी असे. पूजेत बसून बायकोकडं बघणं हे पापच म्हणायचं, आणि पापाहून जास्त लाजेचं, म्हणून ती 'दुकानदारी' म्हणाली की त्यांनी तेच चालवून घेतलं. व्यापाऱ्याचं मन दुकानात असलं तर कोणी हसत नाही. पुढं पुढं तर त्यांना स्वतःलाही तेच खरं वाटू लागलं. अंग इथं, मन दुकानात. किती साधं खोटं, आणि ते किती वर्षं टिकलं. अंग तिच्याजवळ होतं, मन तिच्याजवळ होतं, आणि जीव कुठंही हेलपाटे घालत नव्हता. तिघं मिळूनच बसत होते, रोज, आणि त्यांना कोणी सांगितलं नाही.

तिला ठाऊक होतं का, हे अप्पांना कधीच कळणार नव्हतं. उन्हाळ्यात त्या खिडकीतून सकाळीच ऊन यायचं, तिच्या गालावर, डोळ्यावर. अप्पा म्हणायचे, इकडं बस, मी तिकडं बसतो. ती म्हणायची, ऱ्हाऊ द्या, मला इथं बरं हाय. कशाला बरं होतं? उजेडासाठी? ते विचारायचं राहिलं. आता ती हाताच्या अंतरावर बसली होती, मध्ये फक्त माती, आणि अप्पांना तिला एक सांगायचं होतं. सांगायचं काही मोठं नव्हतं. दुकान नव्हतं गं, एवढंच. त्यांनी डावीकडं पाहिलं, आता लपून नाही, मान पूर्ण वळवून, आणि बराच वेळ पाहत राहिले. बेलाची पानं होती, दगड होता, एक मुंगळा विभूतीच्या कडेनं चालला होता. त्यांनी पाहणं सोडलं नाही. कधीतरी श्वास इतका बारीक झाला की त्यांना स्वतःला ऐकू येईना. पाय आहेत की नाहीत, वाकलेत की लांब, हे त्यांना सांगता आलं नसतं. संघपालनं खालून हाक मारली तेव्हा बैलाशी बोलणारा माणूस औत सोडून घरी गेला होता आणि तळहातावरचं बेलाचं पान सुकून वळलं होतं.

गाडीत संघपालनं विचारलं, "गेलं का दुकानात?" अप्पा म्हणाले, "न्हाई." त्यानं गाडी नौबादच्या रस्त्याला लावली.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी मंजुश्रीनं पूजेच्या कोपऱ्यात हातांची एक लाकडी खुर्ची आणून ठेवली. घरी आल्यावर धावपळ नको म्हणून. खुर्चीचा डावा हात भिंतीला अगदी लावून तिनं ती ठेवली होती, आणि दोनदा बसून उठून पाहिलं होतं, हलते का. अप्पा दारात काठी टेकून बघत होते.

"मंजू, ती भिंतीपासून जरा लांब घे."

"आधार लागंल की, अप्पा. उठताना."

"आधार उजवीकडं असू दे. डाव्या अंगाला जागा पायजे."

तिनं खुर्ची ओढली. कपाट सरकवावं लागलं, ते तिनं सरकवलं. उजवीकडं भिंत आली आणि डावीकडं, खिडकीपर्यंत, फरशी मोकळी झाली. "हं. आता?"

"आता बरं हाय." अप्पा येऊन खुर्चीत बसले. दुखरा पाय समोर लांब केला. "आन् एक ऐक. माझ्या वेळंला..."

"अप्पा. उद्या आपरेशन हाय. आज न्हाई असलं काढायचं."

"आजच काढतो. उद्या गुंगीचं औषध देतेत, मग मी काय बोललो ते कोण धरणार?" ती हसली नाही. जमिनीवर त्यांच्या पायापाशी बसली. अप्पा म्हणाले, "पाय वाकतील तेवढे वाकवा. न वाकले तर ऱ्हाऊ द्या लांब. कोनाडा तेवढा मोठा खणा. चौघं मिळून जोर करू नका, मला ते नको. खाली कोण बघायलंय."

"बरं."

"पण मान."

"मानंचं काय?"

"मान जराशी डावीकडं वळवून ठिवा."

मंजुश्रीनं वर पाहिलं. "जंगम ऐकणार न्हाईत, अप्पा. नजर हातातल्या लिंगावर पायजे म्हणतील."

"म्हणू दे. तू सांग त्यास्नी. म्हणावं, आमच्या अप्पांची नजर रोज तिकडंच ऱ्हायची. आईला बघत."

हे बोलताना त्यांचं तोंड लाल झालं. सत्तरीच्या माणसानं लेकीसमोर असं बोलायचं म्हणजे काय. ते खिडकीबाहेर बघू लागले. मंजुश्री गुडघ्याला हात लागणार नाही अशा बेतानं त्यांच्या पायाला धरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपड्यांच्या घड्या हलवल्याचा आवाज आला. ती आईचं लोकरी आसन घेऊन आली, दोनदा झटकलं, आणि खुर्चीच्या डाव्या अंगाला, सकाळी उजेड येतो त्या ठिकाणी, अंथरून ठेवलं.